गिटारच्या प्रदर्शनात वाद्याची पारख

अमेरिकेतील डॅलससारख्या शहरांत गिटारची मोठी प्रदर्शने भरतात. जुनी-नवी शेकडो वाद्ये तेथे एका छपराखाली मांडलेली असतात. हौशी वादकाची पुंजी तुटपुंजी आणि सभोवती गोंगाट. अशा वेळी नाव व झिलई यांना न भुलता वाद्य पारखावे कसे?

प्रथम तत्त्व पाहू. गिटारवर सप्तकाचे १२ समान भाग केलेले असतात. मोकळ्या तारेची लांबी ६५० मिलिमीटर धरली, तर पहिला पडदा दांडीच्या टोकाच्या पट्टीपासून सुमारे ३६.५ मिलिमीटरवर आणि बारावा बरोबर मध्यावर, म्हणजे ३२५ मिलिमीटरवर येतो. परंतु पडद्यावर दाबताना तार ताणली जाते व स्वर किंचित चढतो. हा दोष भरून काढण्यासाठी घोडी थोडी मागे बसवतात.

यावरून परीक्षा सोपी होते. बाराव्या पडद्यावर तारेला बोट नुसते टेकवून ती छेडावी. मग तेथेच दाबून छेडावी. दोन्ही स्वर एक आले पाहिजेत. गोंगाटात ऐकू न आल्यास विक्रेत्याला विचारून हनुवटी वाद्याच्या लाकडाला टेकवावी. हाडांतून नाद कानी पोचतो.

दाबलेला स्वर चढा निघाला, तर बहुतेक विद्युत् गिटारींत स्क्रू फिरवून घोडी मागे घेता येते. साध्या गिटारीत ती पक्की असते. तेथे दुरुस्तीचा खर्च किमतीत धरावा. दांडीला पीळ पडला असेल, तर मात्र मोह आवरावा.

सारांश, किंमत विचारण्याआधी बारावा पडदा तपासावा.