पंक्तिसेवा आणि शाळकरी मुले

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ६:१-७, मार्क १०:३५-४५

काही वर्षांपूर्वी एका मंडळीच्या कमिटीत मी पाहुणा म्हणून बसलो होतो. नववीतील एक मुलगी रविवारी दुपारी तरुण संघाच्या सभेस येत नाही, शाळेच्या इंटरॅक्ट क्लबाबरोबर रुग्णालयात जाते, अशी तक्रार आली. एक वडीलधारे बंधू म्हणाले, "ही जगिक सेवा आहे, आत्मिक नव्हे." मी गप्प राहिलो. ते मौन मला अजून बोचते, म्हणून हा पाठ.

प्रथम या क्लबाविषयी. रोटरी संस्थेने शाळकरी मुलांसाठी काढलेला पहिला इंटरॅक्ट क्लब ५ नोव्हेंबर १९६२ रोजी अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात, मेलबर्न गावच्या हायस्कुलात तेवीस विद्यार्थ्यांनिशी सुरू झाला. दुसरा कोठे निघाला असेल? आपल्या तंजावरात! (ज्या नगरात श्वार्ट्झ मिशनरींनी शाळा काढली व मराठा राजपुत्र सरफोजीला पुत्रवत् सांभाळले, तेच हे नगर.) 'आंतरराष्ट्रीय' व 'कृती' या अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांच्या जोडणीतून हे नाव झाले. आज बारा ते अठरा वर्षांची मुले सभासद होतात. वर्षातून निदान दोन कामे करावयाची : एक शाळेसाठी किंवा गावासाठी, दुसरे राष्ट्राराष्ट्रांतील सलोख्यासाठी. पाठीशी रोटरीचे वडीलधारे असतात, परंतु पदाधिकारी निवडणे व काम ठरवणे मुलांकडे असते. हा क्लब कोणत्याही धर्माचा नाही, हे मान्य केले पाहिजे.

परंतु अशा कामाची वाट आपल्या लोकांना नवी नाही. चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये, हायकोर्टासमोर, वाय.एम.सी.ए.ची जुनी इमारत आहे. १८९० साली डेव्हिड मॅकॉनही यांनी तेथील संघ स्थापन केला. इमारतीसाठी फिलाडेल्फियाचे व्यापारी जॉन वॉनामेकर यांनी द्रव्य दिले. हिंदू विद्यार्थ्यांसही दार उघडे होते. १९२० साली हॅरी बक यांनी शारीरिक शिक्षणाचा वर्ग येथेच आरंभला. मद्रास ख्रिश्चन कॉलेजही १९३७ साली तांबरमला जाईपर्यंत याच भागात होते. तेथे शिकलेले वेदनायगम अजर्‍या १८९५ साली वाय.एम.सी.ए.चे सेक्रेटरी झाले, १९१२ साली दोर्नकलचे बिशप. तरुणांच्या संघात काम केल्याने त्यांची सुवार्तेची तळमळ विझली नाही. १९०३ साली तिरुनेलवेलीत देशी मिशनरी संस्था उभारणाऱ्यांत ते अग्रभागी होते.

आता शास्त्रपाठाकडे वळू. आपल्या मराठी शास्त्रात 'पंक्तिसेवा' हा सुरेख शब्द आहे. भाषांतर करणाऱ्या माणसाला त्याचा हेवा वाटावा! पण मूळ ग्रीक पाहा. विधवांना अन्न वाटणे यासाठी 'दियाकोनिआ', आणि प्रेषितांच्या वचनाच्या सेवेसाठीही 'दियाकोनिआ' हाच शब्द लूक योजतो. दोन कामे, दोन नेमणुका, शब्द एकच. वाढपी नेमताना आत्म्याने पूर्ण अशी माणसे निवडली, हेही ध्यानात घ्यावे. आणि त्याच सातांतला स्तेफन पुढच्याच भागात साक्षी म्हणून उभा राहतो.

तेव्हा त्या बंधूंचा भेद शास्त्रात सापडत नाही. त्यांचे भय मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. शाळेच्या क्लबात छायाचित्र, प्रमाणपत्र, बिल्ला यांची ओढ लागते. याकोब व योहान यांनाही उजवी-डावी आसने हवी होती. प्रभूने त्यांना फटकारून घरी पाठवले नाही. मोठेपणाचा अर्थच उलटा करून दिला. शिवाय हा रोग क्लबाचाच आहे काय? आपल्या देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या कोण वाचत नाही?

एक अडचण उरते. क्लबात ती मुलगी ख्रिस्ताचे नाव उघड घेऊ शकत नाही. ते शिकवणे क्लबाचे काम नव्हे, आमचे आहे. ती रुग्णालयातून परतल्यावर तिने काय पाहिले, हे मंडळीत कोणी विचारले होते काय? त्या कमिटीत तरी कोणी विचारले नाही, मीही नाही.

पुढे तेथील पाळकांनी तरुण संघाची सभा सायंकाळी ठेवली. ती मुलगी येऊ लागली, आणि दुसऱ्या महिन्यात क्लबातील दोन मैत्रिणींना घेऊन आली. त्या ख्रिस्ती नव्हत्या. बाकावर सरकून त्यांना जागा करून दिली ती त्या वडीलधाऱ्या बंधूंनीच.