व्हॉल्व्हचा प्री-अँप घेताना

लहरीपुरा, बडोदे

चि. बाळ,

तुझे पत्र पावले. बदली होऊन तू बडोद्यास येणार, लहरीपुरा दरवाजानजीकच्या आपल्या जुन्या घराच्या माडीवर बिऱ्हाड थाटणार आणि तेथे रॉक संगीत ऐकण्याकरिता व्हॉल्व्हचा प्री-अँप घेणार, हा मजकूर वाचून फार संतोष झाला. परंतु व्हॉल्व्हचा रंग जितका गडद तितके रॉक अधिक खुलते, अशी जी समजूत तुझ्या लिहिण्यात जागोजाग दिसते, तिच्यावर विसंबून पैसे मोजण्यापूर्वी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घे.

रॉकमधील गिटारचा जो दाट, किंचित फाटलेला, अंगावर येणारा नाद तुला मोह घालतो, तो व्हॉल्व्हचाच आहे, हे निर्विवाद. लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानात १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जे गिटारचे अँप सिद्ध झाले, त्यांच्या आरंभीच्या टप्प्यात ईसीसी८३ हाच व्हॉल्व्ह होता. आणि पुढे जिमी हेंड्रिक्ससारख्या वादकांनी असल्या अँपना त्यांच्या मर्यादेपलीकडे रेटून त्यांतून उत्पन्न होणारी विकृती हीच आपल्या वाद्याची वाणी बनविली. मात्र ही विकृती वादकाने स्वतः निवडून, तोलूनमापून तबकडीत आधीच ठेवलेली आहे. घरी तिच्यात आणखी भर घातलीस तर ती गिटारपुरती राहत नाही. गायकाचा कंठ, झांजांची धार आणि ड्रमचा ठोका या सर्वांवर ती सारखीच पसरते. एक कसोटी सांगतो. बीटल्सचे १९६८ पर्यंतचे काम बहुतांशी व्हॉल्व्हच्या ध्वनिमुद्रण-मेजावर झाले, आणि १९६९ चे ‘अॅबी रोड’ ट्रान्झिस्टरच्या नव्या मेजावर. एक आधीची आणि एक ही, अशा दोन तबकड्या एका बैठकीत ऐक. जो प्री-अँप त्यांतील भेद पुसून दोहोंना एकच गोडवा देतो तो, कितीही मोलाचा असला तरी, माझ्या लेखी बाद होय.

आता विवर्धनाचा हिशेब. सीडी-प्लेअरमधून सुमारे २ व्होल्ट बाहेर पडतात, आणि बहुतेक पॉवर अँप एक-दीड व्होल्टवरच आपली पूर्ण शक्ती देतात. म्हणजे विवर्धनाची गरज जवळजवळ नाहीच. अशा स्थितीत ज्याचा विवर्धनांक १०० आहे असा ईसीसी८३ मध्ये घातला, की आवाजाची कळ सदैव तळाशी ठेवावी लागते, आणि नेमक्या त्या कोपऱ्यात डाव्या-उजव्या बाजूंचे प्रमाण बिघडते. सुमारे २० विवर्धनांकाचे ईसीसी८२ किंवा ६एसएन७ या कामी योग्य. तबकडीच्या सुईतून मात्र जेमतेम ५ मिलिव्होल्ट येतात, सबब फोनोच्या टप्प्यात ईसीसी८३ आपल्या जागी शोभतो.

ज्या बाबीकडे ग्राहक बहुधा पाहतच नाही, ती सर्वांत महत्त्वाची. तुझा पॉवर अँप ट्रान्झिस्टरचा आहे, आणि अशा अँपचा आदानरोध (इनपुट इम्पीडन्स) पुष्कळदा १० किलोओहमच असतो. प्री-अँपच्या शेवटी ०.२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल तर या जोडीत ७२ हर्ट्झच्या आसपासच खर्ज ओसरू लागतो, आणि बेस गिटारची सर्वांत खालची तार तर ४१ हर्ट्झवर बोलते! रॉकचा पायाच निघून गेला, तर वर उरलेल्या माधुर्याचे काय करायचे? तोच कपॅसिटर १०० किलोओहमच्या व्हॉल्व्ह-अँपला जोडला असता काही बिघडत नाही. म्हणून शेवटी कॅथोड फॉलोअर आणि मोठा कपॅसिटर असलेलेच यंत्र पाहा. प्री-अँपचा प्रदानरोध (आउटपुट इम्पीडन्स) पॉवर अँपच्या आदानरोधाच्या एकदशांशाहून अधिक नसावा.

माडीची जमीन लाकडी तक्तपोशीची आहे, हे विसरू नकोस. मोठ्या आवाजात स्पीकर तिला हलवितो, ती व्हॉल्व्हला हलविते, आणि व्हॉल्व्हच्या आतील जाळी थरथरून घणघण उमटते. प्री-अँपचा बंदोबस्त भिंतीत ठोकलेल्या फळीवर कर. घेण्यापूर्वी पेन्सिलीने व्हॉल्व्हवर हलकेच टिचकी मारून स्पीकरमधून काय ऐकू येते ते पाहा. काचेखाली रंगीत दिवा लावून व्हॉल्व्ह उजळून दाखविणाऱ्या स्वस्त पेट्यांच्या वाटेस जाऊ नकोस. अमेरिकेतून आलेला, ११७ व्होल्टवर चालणारा जिन्नस घेऊ नकोस. आपल्याकडे २३० व्होल्ट व ५० हर्ट्झ. वैशाखातील बडोद्याची उष्णता ध्यानी घेऊन पेटीवर मोकळी हवा ठेव, आणि झाकण स्वतः कधीही उघडू नकोस. आत दोनतीनशे व्होल्टचा दाब असतो, आणि खटका बंद केल्यावरही कपॅसिटरांत तो टिकून राहतो. हे माझे आर्जव समज.

ज्या शहरात १८८६ साली मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा निघाली आणि फैयाजखाँसाहेब दरबारचे गवई होते, तेथे असले संगीत कशाला, असे म्हणणारे आप्त तुला भेटतील. त्यांचे मनावर घेऊ नकोस. खाँसाहेबांच्या १९३०च्या दशकातील तबकड्याही व्हॉल्व्हच्याच विवर्धकांतून मुद्रित झाल्या आहेत, आणि जे यंत्र हेंड्रिक्सशी प्रामाणिक राहील ते त्यांच्याशीही राहील.

आगाऊ रक्कम कोणास देऊ नकोस. आधी तुझ्या पॉवर अँपच्या माहितीपत्रकाची प्रत मला पाठव. आदानरोध पाहून मी कळवीन, मगच पुढची तजवीज कर.

तुझा
काका