‘ह्यांची बदली झालीय’ असं किती दिवस सांगशील?

बाय, लालबागला माहेरी परत येऊन तुला बरेच महिने झाले. तरी चाळीत कुणी विचारलं की तू अजून ‘ह्यांची बदली झालीय’ म्हणतेस. पाहुणे आले की स्वयंपाकघरातून बाहेर येत नाहीस. लोक काय म्हणतील ही भीती मला कळते गं. पण खरं लपवण्यातच तुझा सगळा जीव खर्ची पडतोय.

गप्प बसण्याची किंमत आपल्या गिरणगावाने पुरेपूर मोजलीय. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. गिरणी हीच ज्यांची ओळख, त्यांना ‘माझं काम गेलं’ हे घरातसुद्धा म्हणता येईना. कुणी दारूत बुडालं, कुणी अबोल झालं, आणि पोरांना वाटत राहिलं, आपलंच काही चुकलं.

याच गल्ल्यांत कामगारांची जेवणं रांधून संसार ओढणाऱ्या खाणावळवाल्या होत्या, सावकाराच्या व्याजाने पिचलेल्या. १९७५मध्ये प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र केलं, अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं, बायकांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. मला पैशापेक्षा मोठं वाटतं ते हे, की कर्जाच्या कागदावर त्यांचं स्वतःचं नाव आलं.

त्या जशा स्वतःच्या नावाने उभ्या राहिल्या, तशी तूही राहा. आधी एकाच माणसाला खरं सांग. आईला नको, ती रडेल आणि तूच तिला समजावत बसशील. ऑफिसातल्या मैत्रिणीला सांग, ‘आम्ही वेगळे झालो.’ एवढंच. कारणं द्यायला तू कुणाला बांधील नाहीस. आडनाव कुठलं ठेवायचं तेही तूच ठरव. माहेरचं लावलंस म्हणून तू लग्नाआधीची मुलगी होणार नाहीस, आणि व्हायला कशाला हवं? तिने एवढं सोसलं नव्हतं, एवढं निभावलंही नव्हतं.

सावरायला वेळ लागेल. मधेच रडू फुटलं तर फुटू दे. पण झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर थांबू नकोस. परळला केईएममध्ये मानसोपचार विभाग आहे. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. एकटीने जायला संकोच वाटत असेल तर मला सांग, मी येते बरोबर.