उणे चाळीस अंशांतला सातारा

आमची गाडी २०१७ ची, डिझेल, सात सीटर, बीएस-४. मे महिन्यात पुण्याहून येताना खंबाटकी घाटात एसीतून गरम वारा यायला लागला आणि मीटरमध्ये इंजिनाचा पिवळा दिवा लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिन सुरू केलं, तर रेडिएटरचा फॅन विमानासारखा घोंगावायला लागला. या दुखण्यात तीन आठवडे आणि चार-साडेचार हजार रुपये गेले. त्यातलं जे पदरात पडलं ते लिहून ठेवतोय.

१. एसी बंद पडला म्हणून आधी एसीवाल्याकडे धावू नये.

आम्ही धावलो. त्याने गॅस भरला, पैसे घेतले, एसी होता तिथेच राहिला. दिवा, फॅन आणि एसी ही तीन दुखणी एकाच दिवशी आली म्हणजे मूळ एकच असणार, एवढा साधा विचार मी केला नाही. पाणी किती तापलंय हे इंजिनाच्या कॉम्प्युटरला कळेनासं झालं की तो जपून वागतो. उगाच इंजिन तापायला नको म्हणून फॅन सतत फिरवत ठेवतो आणि एसीचा कॉम्प्रेसर तोडून टाकतो. माझा एसी धडधाकट होता. त्याला वरून हुकूम येत नव्हता, इतकंच.

२. कोड म्हणजे निदान नव्हे, तक्रार आहे.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. कोड आला पी०११८, म्हणजे कूलंट टेम्परेचर सर्किट हाय. पोरगा म्हणाला, “काका, इंजिन हाय टेम्परेचर दाखवतंय. सेन्सर गेलाय, बदलून टाकू.” या एका वाक्यात दोन चुका होत्या, आणि दोन्हींना मी मान डोलावली.

पहिली चूक ‘हाय’ची. हा सेन्सर गार असताना विजेला जास्त अडवतो, तापला की कमी. कॉम्प्युटर त्याच्याकडे पाच व्होल्ट सोडतो आणि त्यातले किती उरतात त्यावरून तापमान ठरवतो. वायर तुटली तर पाचच्या पाच उरतात आणि त्याला वाटतं, बाहेर भयंकर थंडी आहे. म्हणजे हाय होता तो व्होल्टेज, उष्णता नव्हे. नेमकं उलटं!

दुसरी चूक ‘सर्किट’ या शब्दाकडे काणाडोळा करण्याची. सर्किटमध्ये सेन्सर येतो, कपलर येतो, दोन वायरी येतात. त्यातला बदलायला सगळ्यात सोपा तो सेन्सर, म्हणून तो बदलला जातो. साडेअकराशे दिले, कोड खोडला, आणि वाढे फाट्यापर्यंत येतोय तोच दिवा परत हजर. जुना सेन्सर तेवढा मी मागून घेतला होता. ही सवय वडिलांची, आणि चांगली आहे.

३. पुढचं काम अंगणात होतं, आणि त्याला दोन माणसं लागतात.

स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट असतं. त्यात बसणारा ब्लूटूथ डोंगल हजाराच्या आत मिळाला. मोबाइल बायकोच्या हातात दिला, मी बॉनेट उघडून उभा. किल्ली चालू केली, इंजिन बंदच.

“अहो, हा पाणी उणे चाळीस म्हणतोय.”

बाहेर अडतीस डिग्री ऊन. “नीट बघ,” मी म्हणालो.

“नीटच बघतेय. उणे चाळीस. स्वेटर आणू का?”

वायर तुटल्याची ही खूण. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी पाण्याचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं हवं, आणि ते अंगणातल्या हवेशी जुळायला हवं. त्याच वेळी बूस्ट प्रेशरचा आकडाही पाहून घ्यावा. इंजिन बंद असताना तो सेन्सर बाहेरच्या हवेचाच दाब सांगतो: साताऱ्याला ९३ किलोपास्कलच्या आसपास, चिपळूणला उतरलात तर १०० च्या आसपास. तिथे तीस किंवा अडीचशे दिसले तर तो सेन्सर किंवा त्याची वायर थापा मारतेय. हे सगळं फुकट कळतं, एक नटही सैल न करता.

४. मग मीटर.

सेन्सरचा कपलर काढला. किल्ली चालू ठेवून मीटरच्या दोन टोच्या कपलरच्या दोन पिनांना लावल्या. तिथे पाच व्होल्ट हवेत. माझ्याकडे शून्य. छातीत धस्स झालं, कारण कॉम्प्युटर गेला तर खर्च पाच आकडी. पण शेजारचे नाना, वीज मंडळातून निवृत्त झालेले, कुंपणावरून म्हणाले, “काळी टोची बॅटरीच्या मायनसला लाव की.” लावली. लाल टोची एका पिनेला: ४.९८.

म्हणजे कॉम्प्युटर पाच व्होल्ट पाठवतोय, त्यांना परतीची वाट नाही. सेन्सरची अर्थिंगची वायर मध्येच कुठेतरी तुटली होती. खात्रीसाठी पाच व्होल्टची पिन वायरीच्या तुकड्याने क्षणभर बॅटरीच्या मायनसला टेकवली. मोबाइलवरचा आकडा उणे चाळीसवरून उडी मारून शंभराच्या कितीतरी पुढे गेला. नाना कुंपणावरून हसले आणि आत गेले.

५. हा टेकवण्याचा खेळ दोन वायरींच्या तापमान सेन्सरपुरताच.

तीन वायरींच्या सेन्सरवर तो करू नये. तिथे एक वायर थेट पाच व्होल्टच्या पुरवठ्याची असते. ती टेकवली तर त्या लाइनवरचे सगळे सेन्सर एकदम आंधळे होतात, नशीब वाईट असेल तर कॉम्प्युटरही जातो.

६. गुन्हेगार बहुधा चार पायांचा असतो.

वायरिंगच्या काळ्या नळीवरून बोट फिरवत गेलो. बॅटरीच्या मागे, हात जेमतेम पोचतो अशा जागी, नळीला दातांची नक्षी होती. आत तपकिरी वायर दोन तुकडे होऊन पडलेली, तांबं हिरवं पडलेलं. शेजारी शेंगदाण्याची टरफलं. आमच्या घरातल्याच पोत्यातली, याबद्दल शंका नाही.

नुसता पीळ देऊन काळी टेप गुंडाळू नका. इंजिनाच्या थरथरीत आणि उष्णतेत तो जोड वर्षभरही टिकत नाही. ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलावलं, त्याने सोल्डर करून वर हीट श्रिंकची नळी चढवली. दीडशे रुपये. उंदरांसाठी लोक तंबाखूची पुडी ठेवतात, डांबराच्या गोळ्या ठेवतात. मी दोन्ही ठेवून पाहिलं. शेंगदाण्याचं पोतं पार्किंगमधून हलवल्याचा उपयोग जास्त झाला.

७. काय करू नये.

चालू इंजिनावर डिझेलच्या लोखंडी पाइपचा नट सैल करू नका. कॉमन रेलमध्ये हजार-दीड हजार बारचा दाब असतो, आणि बारीक धारही कातडी भेदून आत जाते. चालू इंजिनावर इंजेक्टरच्या वायरीत मीटर घालू नका, तिथला झटका बारा व्होल्टचा नसतो. पाणी गरम असताना झाकण उघडू नका. आणि फॅनजवळ हात न्यायच्या आधी किल्ली खिशात टाका.

राहिला तो मागून घेतलेला जुना सेन्सर. बायकोने चहाचं पातेलं द्यायला साफ नकार दिला, म्हणून एक जुना तांब्या घेतला. गार असताना मीटरवर दोन हजार ओहमच्या थोडं वर, उकळत्या पाण्यात धरल्यावर दोनशेच्या जवळ. अगदी ठणठणीत. तो सध्या डिकीत स्पेअर म्हणून पडलाय.