सर्वांत कसाचा खेळ कोणता? एका वादाचा अभ्यास



क्रीडा महोत्सव जवळ आला की वसतिगृहांतून एक वाद हमखास रंगतो. पैलवानकी करणारा म्हणतो, खरा कस आखाड्यात लागतो. खो-खोच्या मुली म्हणतात, नऊ मिनिटे पाठलाग करून दाखवा, मग बोला. क्रिकेटवाल्यांना सगळेच हसतात आणि नेमबाजीची आवड सांगणाऱ्याला तर वादात कोणी घेतच नाही. वाद गमतीचा खरा. पण इतिहासाच्या अभ्यासकाने लक्ष घालावे असा एक गंभीर प्रश्न त्यात दडलेला आहे. आपण खेळांची श्रेणी लावतो तेव्हा नेमके काय मोजतो आणि ते माप कोणी ठरवलेले असते?

प्रथम प्रश्नाची फोड करू. ‘कोणता खेळ श्रेष्ठ?’ या एका प्रश्नात तीन प्रश्न मिसळलेले असतात. कोणता खेळ शरीराला अधिक दमवतो? कोणत्या खेळाचे कौशल्य साधण्यास अधिक कठीण आहे? आणि कोणत्या खेळाला समाजात अधिक मान आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे शरीर देते. तिसऱ्याचे उत्तर समाज देतो. वाद घालताना आपण तिसऱ्याचे उत्तर नकळत पहिल्या दोहोंच्या जागी ठेवतो. या लेखाचा विषय ही गफलत हाच आहे.

दहा कसोट्या

खेळांची तुलना पद्धतशीरपणे करण्याचे प्रयत्न झालेले आहेत. २००४ साली ईएसपीएन या अमेरिकी क्रीडावाहिनीने तज्ज्ञांची समिती नेमून साठ क्रीडाप्रकारांना गुण दिले. दमसास, बळ, स्फोटक शक्ती, वेग, चपळाई, लवचीकता, धैर्य, आघात सोसण्याची ताकद, हात-डोळ्यांचा मेळ आणि डावपेचांची बुद्धी अशा दहा कसोट्या होत्या. गुणांची बेरीज झाली तेव्हा मुष्टियुद्ध पहिले आले, आइस हॉकी दुसरी, अमेरिकन फुटबॉल तिसरा आणि मासेमारी साठावी.

ही पद्धत उपयुक्त आहे, कारण ती ‘कस’ या मोघम शब्दाचे घटक वेगळे करते. परंतु तिच्या दोन मर्यादा ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी की, दहाही कसोट्यांना समान वजन दिले आहे. त्यामुळे सर्व काही थोडे थोडे मागणारा खेळ वर चढतो आणि एकाच क्षमतेचा अंत पाहणारा खेळ मागे पडतो. वजने बदला, यादी बदलेल. दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची. त्या साठ खेळांत कबड्डी, खो-खो व मल्लखांब नाहीत. त्यांना कमी गुण मिळाले असे नव्हे. यादी करणाऱ्यांच्या दृष्टीच्या टप्प्यात ते आलेच नाहीत. कोणत्याही श्रेणीबाबत पहिला प्रश्न हाच विचारावा की, यादीत कोणाला प्रवेशच नव्हता?

शरीराचा हिशेब

आता आपल्या महाराष्ट्रातील उदाहरणांवर या कसोट्या लावून पाहू.

बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचा अविनाश साबळे हा महार रेजिमेंटचा जवान. त्याचा क्रीडाप्रकार तीन हजार मीटरची स्टीपलचेस. यात धावता धावता अठ्ठावीस अडथळे आणि सात पाण्याचे खड्डे ओलांडावे लागतात. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवले; सुवर्ण अवघ्या पाच शतांश सेकंदाने हुकले. दमसास या कसोटीवर या शर्यतीपुढे उभे राहतील असे खेळ थोडेच.

याच्या अगदी उलट टोकाला कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात त्याने कांस्यपदक जिंकले. गुडघ्यावर बसून, पालथे पडून व उभे राहून अशा तीन स्थितींत नेम धरायचा. येथे शरीर हलवायचे नसते, तर स्थिर ठेवायचे असते. छातीचा भाता आणि हृदयाचा ठोकादेखील नेम हलवू शकतो. कुसाळे धावत नाही म्हणून त्याचे शरीर कमी कसलेले, असे म्हणणाऱ्याने जड रायफल खांद्याला लावून दहा मिनिटे निश्चल उभे राहून पाहावे.

आपल्या स्नायूंत ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात. एक सावकाश आकुंचन पावणारे, दीर्घकाळ न थकणारे. दुसरे झटकन आकुंचन पावणारे, प्रचंड जोर देणारे, पण लवकर थकणारे. सरावाने पुष्कळ फरक पडतो; तरीही शंभर मीटरचा विश्वविजेता आणि मॅरेथॉनचा विश्वविजेता एकाच देहात नांदू शकत नाहीत. क्षमता परस्परांशी झगडतात. म्हणूनच सर्व खेळांसाठी एकच सरळ शिडी लावणे शरीरशास्त्राच्या दृष्टीने अवघड आहे.

खो-खोचे उदाहरण घ्या. या खेळाच्या नियमांना लेखी रूप मिळाले ते याच पुण्यात, डेक्कन जिमखान्यात, १९१४ साली. बचाव करणारा बसलेल्या खेळाडूंमधून मोकळेपणाने नागमोडी पळू शकतो. पाठलाग करणाऱ्याला मात्र मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा धरली की मागे वळता येत नाही. बसलेल्या खेळाडूने ‘खो’ मिळताच क्षणार्धात उठून पूर्ण वेग गाठायचा. वेग, चपळाई आणि निर्णय यांची इतकी दाट वीण फार थोड्या खेळांत आढळेल. साहित्याचा खर्च दोन खांबांपुरता. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे दोन्ही संघ विजयी झाले आणि दोहोंचे नेतृत्व महाराष्ट्राच्या खेळाडूंनी केले : पुरुषांचे प्रतीक वाईकर याने, महिलांचे प्रियांका इंगळे हिने.

कोणी आग्रहाने माझे मत विचारलेच, तर सर्व कसोट्यांना समान वजन देऊन मी कुस्तीच्या बाजूने कौल देईन. धावपटूला स्वतःच्या वजनाशी झगडायचे असते. पैलवानाला स्वतःच्या वजनाशी आणि तितक्याच वजनाच्या, तितक्याच विचारी प्रतिपक्षाशी. पकड, तोल, दमसास, लवचीकता आणि डावाचे गणित एकाच क्षणी लागते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदकाचे मानकरी ठरले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जपानच्या शोहाची इशीशी प्रदीर्घ लढत झाल्यावर पुरेशी विश्रांती न मिळताच त्यांना सोव्हिएत मल्लाशी लढावे लागले, अशी हकीकत सांगितली जाते. ज्यांनी एकदा तरी सहा मिनिटे कुस्ती धरली आहे, त्यांना या वाक्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

परंतु माझ्या या कौलालाही एक प्रश्न अडवतो. मुरलीकांत पेटकर हे सैन्यातील मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना अपंगत्व आले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक जिंकले. घड्याळाने पाहिले तर त्यांच्यापेक्षा वेगाने पोहणारे त्या वर्षी पुष्कळ होते. पण त्या देहाने तेवढ्या अंतरासाठी किती किंमत मोजली, हे घड्याळ सांगत नाही. कस खेळात असतो तसाच तो देह आणि अडथळा यांच्या नात्यातही असतो.

बॅट कोणाची, चेंडू कोणाचा?

येथवर शरीराचा विचार झाला. आता मानाचा विचार करू. त्यासाठी पुण्यातीलच एका थोर खेळाडूचा इतिहास पुरेसा आहे.

पळवणकर बाळू यांचा जन्म चर्मकार कुटुंबातला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात पुण्यातील युरोपियनांच्या क्लबात ते दरमहा चार रुपयांवर नोकरीस होते. खेळपट्टीवर रोलर फिरवणे, जाळी लावणे ही त्यांची कामे. पुढे ते सरावासाठी इंग्रज फलंदाजांना गोलंदाजी करू लागले. जे. जी. ग्रेग हा त्या काळचा नामवंत फलंदाज त्यांच्याकडून तासन्‌तास सराव करून घेई. त्यातून हिंदुस्थानातील सर्वश्रेष्ठ डावखुरा फिरकी गोलंदाज घडला. परंतु त्या क्लबात बाळूंच्या हाती बॅट कधीच दिली गेली नाही.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. इंग्रजांच्या क्रिकेटमध्ये फलंदाजी ही सभ्य गृहस्थांची कला आणि गोलंदाजी हे मोलाने राबणाऱ्यांचे काम, अशी जुनी विभागणी होती. ‘जेंटलमेन’ विरुद्ध ‘प्लेयर्स’ हा सामना १८०६ मध्ये सुरू झाला आणि १९६२ पर्यंत चालला. त्यात बिनमोल खेळणारे एका बाजूला आणि मोल घेऊन खेळणारे दुसऱ्या बाजूला असत. म्हणजे एकाच खेळात, एकाच मैदानावर, जेथे घाम अधिक तेथे मान कमी. ही विभागणी हिंदुस्थानात आली तेव्हा तिला जातीची तयार चौकट मिळाली. पुण्याच्या हिंदू क्लबाने वाद घालून अखेर बाळूंना संघात घेतले. पण चहा त्यांना पॅव्हिलियनबाहेर मातीच्या पेल्यात मिळे आणि जेवण वेगळे. त्यांनी फेकलेला चेंडू मात्र विटाळत नव्हता.

१९११ च्या इंग्लंड दौऱ्यात पस्तिशीतील बाळूंनी ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे नियमित नायकपद त्यांना कधी लाभले नाही. पुष्कळ झगड्यानंतर १९२३ मध्ये ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. इतिहासाच्या प्रामाणिकपणासाठी हेही नोंदवले पाहिजे की, १९३७ च्या मुंबई विधिमंडळाच्या निवडणुकीत बाळू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरोधात उभे राहिले व पराभूत झाले. राजकीय मार्ग वेगळे झाले म्हणून त्यांच्या गोलंदाजीचे मोल कमी होत नाही, आणि गोलंदाजी थोर म्हणून तो मतभेदही पुसला जात नाही.

हा अन्याय आपल्याच देशापुरता नव्हता. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या मूलनिवासी समाजातील जिम थॉर्प यांनी पेंटॅथ्लॉन व डेकॅथ्लॉन या दोन्ही बहुविध स्पर्धा जिंकल्या. ‘कोणाचे शरीर सर्वांत कसलेले?’ या प्रश्नाला त्या काळी याहून स्पष्ट उत्तर नव्हते. पुढच्याच वर्षी त्यांची पदके काढून घेण्यात आली. कारण काय? पूर्वी कधीतरी त्यांनी थोडे पैसे घेऊन बेसबॉल खेळले होते! पदके परत दिली गेली ती १९८२-८३ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे तीस वर्षांनी. आणि एकमेव विजेता म्हणून त्यांची नोंद २०२२ मध्ये झाली. हौसेने खेळणे ज्याला परवडते तोच खरा खेळाडू, या नियमाने गरिबाचा घाम बाद ठरवला.

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेचे विश्लेषण करताना श्रेणीबद्ध विषमतेची कल्पना मांडली. जात ही केवळ श्रमांची नव्हे, तर श्रमिकांचीच विभागणी करते, हे त्यांनी दाखवून दिले. खेळांच्या श्रेणीकडे त्या दृष्टीने पाहा. खेळाची उतरंड बहुधा शरीराच्या मोजमापाने लागत नाही. ती खेळणाऱ्याच्या दर्जावरून लागते आणि नंतर तिला शरीरशास्त्राचा मुलामा दिला जातो.

स्वाध्याय

वाद घालू नका, असे मी म्हणत नाही. वाद जरूर घाला, पण पद्धतशीरपणे घाला. आपल्या शाळेतील पाच खेळ निवडा. वरील दहा कसोट्यांवर प्रत्येकाला गुण द्या. एकदा समान वजन देऊन बेरीज करा. दुसऱ्यांदा दमसासाचे वजन दुप्पट करा. क्रम कसा बदलतो ते वहीत मांडा. मग प्रत्येक खेळापुढे आणखी चार रकाने आखा : मैदान कोणाला मिळते, बूट कोणाकडे आहेत, सकाळचे अंडे-दूध कोणाच्या वाट्याला येते आणि सरावाची वेळ मुलींना किती मिळते? हे चार रकाने भरल्याशिवाय पहिले दहा वाचू नयेत.

आणि सराव करताना सोण कोळिविसाची कथा आठवा. श्रीमंत घरात वाढलेला हा कोमल पायांचा भिक्षू चंक्रमण करताना पाय रक्तबंबाळ होईपर्यंत चालत राहिला. फळ न मिळाल्याने तो खचला, तेव्हा तथागतांनी त्याला वीणेच्या तारांची आठवण दिली : तार फार ताणली तरी सूर नाही, सैल सोडली तरी नाही. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात शरीर मोडून घेणाऱ्यांनी आणि वर्षभर मैदानाकडे न फिरकणाऱ्यांनीही हा उपदेश मनावर घ्यावा.

आपला देह कोणत्या कसोटीवर खरा उतरतो, हे मैदानावर उतरून शोधा. तुमची उंची, तुमचा दम, तुमची नजर यांना साजेसा खेळ निवडा. तो कोणाच्या यादीत कितवा आहे, याची चिंता करू नका. संघ निवडण्याची जबाबदारी ज्याच्यावर येईल त्याने एवढेच पाहावे की, रोलर ओढणाऱ्याच्या हातीही बॅट दिली गेली आहे ना.