मद्याविना निग्रोनी

प्रश्न : मी मद्य सोडलं आहे, पण घरी मित्रमंडळी जमली की निग्रोनी, जिन-टॉनिक करायला अजूनही आवडतं. बिनअल्कोहोलच्या ‘स्पिरिट’ची कोणती बाटली घ्यावी?

उत्तर : सुरुवात जिन-टॉनिकपासून करा. टॉनिकचा कडवटपणा, लिंबू आणि भरपूर बर्फ यांमुळे मद्याची उणीव फारशी जाणवत नाही. इंग्लंडमध्ये २०१५ साली आलेलं सीडलिप इथे छान लागतं. त्यात जिनची हुबेहूब नक्कल मात्र शोधू नका. त्याचं ‘गार्डन १०८’ मटार आणि हिरव्या पाल्याच्या वासाचं आहे.

निग्रोनी अवघड. मूळ कृतीत जिन, कंपारी आणि गोड व्हर्मुथ समप्रमाणात, म्हणजे तिन्ही मद्यंच. अल्कोहोल सुगंध खुलवतं, घशाला ऊब देतं, पेयाला दाटपणा देतं. ते काढलं की पाणचटपणा येतो. लायर्स या ऑस्ट्रेलियन ब्रँडचं ‘इटालियन ऑरेंज’ कंपारीच्या जागी आणि ‘अपेरिटिफ रोसो’ व्हर्मुथच्या जागी चालतं. त्यात चमचाभर गार, कडक कोरा चहा आणि आल्याच्या रसाचे दोन थेंब जरूर घाला. चहाचा तुरटपणा आणि आल्याचा झणका यांनी बरीच पोकळी भरते. बर्फात फार वेळ ढवळू नका. ड्राय मार्टिनीत मात्र ही उणीव झाकायला काहीच नसतं; तिचा नाद सोडाच.

उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवा. लेबलही नीट वाचा : काही पेयांत ०.५ टक्क्यापर्यंत अल्कोहोल असतं. व्यसनमुक्तीसाठी मद्य सोडलं असेल, तर नुसत्या चवीनेही ओढ परतू शकते. तेव्हा आधी डॉक्टरांशी बोला.