रूप बदललेले दगड

मुलांनो, औंध हे गाव सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात आहे. गावाजवळच्या डोंगरावर यमाईदेवीचे मंदिर आहे. डोंगर चढताना श्री भवानी संग्रहालय लागते. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ साली उभारले. सहलीला तेथे गेलात, तर चित्रे पाहाच. पण पायाखालचा दगडही पाहा. तो काळा, जड आणि कठीण आहे. त्याला बेसाल्ट म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस बाहेर आला, दूरवर पसरला आणि थंड झाला. त्यापासून हा अग्निज खडक बनला.

अग्निज, गाळाचे आणि रूपांतरित असे खडकांचे तीन प्रकार तुम्ही भूगोलात शिकता. त्यांपैकी रूपांतरित खडक औंधच्या डोंगरात कितीही शोधलात तरी सापडणार नाही. मग तो आहे कोठे? आधी तो कसा बनतो ते पाहू.

तुम्ही वीटभट्टी पाहिली असेल. कच्ची वीट पाण्यात टाकली, तर तिचा चिखल होतो. तीच वीट भट्टीत भाजली की लाल आणि टणक होते. ती वितळली नाही. पण पूर्वीची मातीही राहिली नाही. खडकाचेही असेच होते. जमिनीत खोल गेलेल्या खडकावर वरच्या थरांचा प्रचंड भार असतो. तेथे उष्णताही फार असते. त्यामुळे खडकातील जुनी खनिजे बदलून नवे स्फटिक तयार होतात. हे सर्व खडक घन असतानाच घडते. तो पूर्ण वितळून पुन्हा थिजला, तर त्याला अग्निजच म्हणावे लागेल. वर्गात सर्वांत जास्त चुका येथेच होतात.

आता एक प्रयोग करा. काड्यापेटीतील काड्या टेबलावर विस्कटून टाका आणि दोन पट्ट्यांनी दोन्ही बाजूंनी दाबा. काड्या पट्ट्यांना समांतर होतात. दाबाखाली अभ्रकासारखी चपटी खनिजे अशीच एका दिशेत रचली जातात. म्हणून काही रूपांतरित खडकांत पापुद्रे किंवा पट्टे दिसतात. चिकणमातीच्या शेल खडकापासून आधी स्लेट बनतो. पूर्वी मुलांच्या हातात असे ती दगडी पाटी याचीच. उष्णता आणि दाब वाढला की चमचमणारा शिस्ट बनतो आणि आणखी वाढला की जाड पट्ट्यांचा नीस. ग्रॅनाइटपासूनही नीस बनतो.

दुसऱ्या गटातील खडकांत असे पापुद्रे नसतात. वालुकाश्मापासून क्वार्टझाइट आणि चुनखडकापासून संगमरवर बनतो. ‘संग’ म्हणजे दगड, हे तुम्हांला सांगायला नको! छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथील बीबी का मकबरा आठवा. त्याचा घुमट संगमरवराचा आहे. घुमटाखालच्या भिंतींत मात्र आपला बेसाल्टच आहे. त्यावर पांढरा गिलावा केलेला आहे. दुरून फरक कळत नाही.

काही गाईडांत ‘कोळशाचे रूपांतर हिऱ्यात होते’ असे छापलेले असते. ते पाठ करू नका. कोळशापासून ग्रॅफाइट बनू शकते. हिरे त्याहून कितीतरी खोल, वेगळ्या कार्बनपासून बनतात.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. ११ डिसेंबर १९६७ रोजी सातारा जिल्ह्यातील कोयनानगरला मोठा भूकंप झाला. दीडशेहून अधिक माणसे दगावली. नंतरही तेथे लहानमोठे धक्के बसत राहिले. हे धक्के कोठून येतात, ते जाणण्यासाठी शास्त्रज्ञांनी कोयना परिसरात गोठणे येथे जमिनीत सुमारे तीन किलोमीटर खोल छिद्र पाडले. ते काम २०१७ मध्ये पूर्ण झाले. सुमारे सव्वा किलोमीटरपर्यंत काळा बेसाल्टच लागला. त्याखाली ग्रॅनाइट आणि नीस निघाला. हा खडक बेसाल्टपेक्षा कितीतरी पटींनी जुना आहे. लाव्हा आला तो त्याच्यावर पसरला आणि तो झाकला गेला. कोयनेचे बहुतेक धक्के बेसाल्टच्या थरातून येत नाहीत; त्याखालच्या या जुन्या खडकात जे तडे आहेत, तेथून ते निघतात.